वाशी ते उमरगा, मेंढरांच्या वाटेनं

राजस्थानला जायचं पक्कं होतं. माझ्याकडून तरी पक्कं होतं. नाताळच्या सुट्टीत दहा दिवस, आपली गाडी, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि परत. तीन रविवार घालवून मी वहीत तक्ता केला होता. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुठल्या घाटाआधी कुणाला उलटीची गोळी द्यायची, सगळं. अनया बारा वर्षांची. तिला वाळूच्या टेकड्यांवर फोटो काढायचे होते. ओम आठ वर्षांचा, त्याला फक्त उंट हवा होता. आणि मग माझ्या नवऱ्याच्या, प्रशांतच्या कंपनीनं त्याच्या दहा दिवसांच्या रजेचे चार दिवस केले. चार दिवसांत पुण्याहून जैसलमेरला जाऊन परत येता येतं, पण गाडीतून उतरायचं नाही एवढीच अट.

घरात सगळ्यांचे सुतकी चेहरे. त्यात वाशीहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील, आणि वाशी म्हणजे नवी मुंबईतली नव्हे. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली. हे मला आयुष्यात निदान हजार वेळा सांगावं लागलंय. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. आता सत्तरी ओलांडली, पुतण्याच्या, दगडूच्या घरी राहतात. आई नाही. पुण्याला या म्हटलं की त्यांना नेमकं ऐकू येत नाही.

"वाळवंट म्हंजी काय असतंय गं?" त्यांनी विचारलं.

"पाणी नसतं आबा, झाड नसतं, नुसतं उघडं रान."

"मग त्याला एवढ्या लांब कशापायी जाताय? इकडं या की."

मी हसले, फोन ठेवला आणि भांडी घासायला लागले. अर्धी भांडी झाल्यावर डोक्यात आलं, खरंच की. मी लहान असताना आबा माघात वाशीहून मेंढरं काढायचे आणि मुक्काम करत करत वैशाखात उमरग्याच्या पलीकडं कर्नाटकाच्या शिवेला टेकायचे. मृगाच्या आत परत. शाळेसाठी मी वाशीत काकूकडं राहायचे, पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की एखाद्या ट्रकमधून मला वाड्यावर पोचवायचे. वाडा म्हणजे आम्हा मेंढपाळांचा तळ, आज इथं तर उद्या तिथं. ती वाट पोरांनी पाहिलेली नव्हती. खरं सांगायचं तर मीही बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

आबांना पुन्हा फोन लावला. त्या वाटेनं गाडीनं जाऊ, तुम्ही पुढच्या सीटवर बसा, म्हटलं.  मग ते मुक्काम सांगायला लागले आणि मी वहीत उतरवायला लागले. तेरखेड्याचा ओढा, येरमाळ्यामागचा माळ, येडशीचा घाट, ढोकीचं उसाचं रान, तेर, असं करत करत नळदुर्ग. चौदा मुक्काम. प्रशांतनं फोनवर नकाशा काढला आणि म्हणाला, "अगं, हे सगळं तीन तासांत होईल."

आबांनी ते ऐकलं. "पाव्हण्यास्नी सांग, तीन तासांत मेंढरू पाणी पिऊन मान वर करत न्हाय."

यादी नळदुर्गला संपली. मी म्हटलं, "आणि उमरग्याचं रान? इरप्पांचं?"

"तिकडं काय न्हाय आता," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

इथं मला राग आला, कारण मला जायचं होतं ते तिथंच. बाकीचे चौदा मुक्काम मला अंधुक आठवतात. ज्या शेतकऱ्याकडं आमचा मोठा मुक्काम असायचा त्या इरप्पांचं रान मात्र तळहातासारखं आठवतं. काळंभोर रान, बांधाला लिंबाची रांग, विहिरीचं गार पाणी. इरप्पांची बायको, अक्का, मला खळ्यात बसवून डोक्याला तेल चोपडायची, कानडी-मराठीत काहीतरी गोड गोड पुटपुटायची आणि गुळाचा खडा हातावर ठेवायची. आईला शंभर मेंढरं आणि चूल सोडून माझ्या केसांकडं बघायला सवड कुठली? वर्षातले जे काही दिवस माझे लाड झाले ते त्या रानात झाले. पोरांना तेच दाखवायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आबांना वाटेत पटवू.

पहिला दिवस: पुणे ते वाशी

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोलापूर महामार्गानं टेंभुर्णी, तिथून कुर्डुवाडी, बार्शी आणि वाशी. पहाटे निघालात तर जेवायला पोचता. आम्ही पहाटे निघणार होतो, म्हणजे साडेनऊला निघालो. बार्शीपर्यंत रस्ता झकास. पुढं अधूनमधून खड्डे आहेत, पण झोप लागत नाही हा त्यांचा फायदा. टोल आणि पेट्रोल सोडलं तर त्या दिवशीचा खर्च म्हणजे चार मिसळी आणि ओमनं हट्टानं घेतलेली एक प्लॅस्टिकची बंदूक.

वाशीत आबा दारातच. स्वच्छ धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं, पण माणूस आदल्या दुपारीच तयार. दगडूची मेंढरं संध्याकाळी माळावरून आली तेव्हा ओम बंदूक विसरला. एक कोकरू त्याच्या मांडीवर दिलं, त्यानं ते दीड तास सोडलं नाही.

"आई, तू लहानपणी रोज असं करायचीस?"

"रोज."

"आणि तू आम्हाला हे सांगितलंच नाहीस?" अनयानं विचारलं. मी जेवायला चला म्हटलं.

दुसरा दिवस: वाशी ते धाराशिव, आणि पाच जेवणं

हा दिवस प्रशांत मरेपर्यंत विसरणार नाही. वाशीहून निघालो, दहा-बारा किलोमीटरवर आबा म्हणाले, "थांबवा." एका वस्तीपुढं एक म्हातारा बाजेवर बसलेला, जणू आमचीच वाट बघत. जणू कसलं, आमचीच वाट बघत होता! आत भाकरी, पिठलं, ठेचा, सगळं तयार. नाही म्हणायची सोय नाही. जेवलो. पुन्हा पंधरा किलोमीटर, "थांबवा." पुन्हा वस्ती, पुन्हा माणूस, पुन्हा भाकरी, या खेपेला वांग्याची भाजी.

तिसऱ्या वस्तीवर मला उलगडा झाला. आबांनी आठ दिवस आधीपासून वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामी सांगावा धाडला होता. दुधवाल्याकडून, एसटीच्या कंडक्टरकडून, कुणाच्या तरी मेव्हण्याच्या मोबाइलवरून. मेंढरं घेऊन जाताना धाडायचे तस्साच.

"आबा, आपण गाडीनं चाललोय! इतक्या वेळा कोण जेवतं?"

"न सांगता कुणाच्या रानात पाय ठिवायचा न्हाय," आबा म्हणाले. "आन् सांगितल्यावर त्यानं चूल पेटवली, तर न जेवता उठायचं न्हाय."

प्रशांतनं पट्टा दोन भोकं सैल केला आणि गाडी चालू केली. येडशीच्या घाटात रामलिंगचं जंगल लागतं, माकडं फार आहेत, काचा वर ठेवा. तिथून आम्ही लातूरच्या रस्त्यानं ढोकीकडं वळलो. उसाचे ट्रॅक्टर, मागं दोन-दोन ट्रॉल्या, वरून टेपरेकॉर्डर. ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका, मुकाट्यानं मागं राहा. कारखान्याच्या अलीकडं तोडलेल्या फडात आबा उतरले आणि पोरांना दाखवायला लागले: इथं तोडणी झाली की पाल्यावर मेंढरं सोडायची, तिथं तुझी आजी चूल मांडायची, त्या बांधावर एकदा लांडगा आला होता.

"पण आजोबा, वाळू कुठंय?" ओमला अजून वाळवंट हवं होतं.

"वाळू? ती समदी बांधकामाला गेली," आबा म्हणाले.

पाचवं जेवण तेरला झालं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. धाराशिवला बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये दोन खोल्या घेतल्या. स्वच्छ, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, चौकशी करून घ्या. प्रशांत रात्रभर कूस बदलत होता. पाच जेवणं पोटात असतानाही त्यानं झोपायच्या आधी दोन गुलाबजाम खाल्ले, कारण धाराशिवला येऊन गुलाबजाम न खाणं त्याला पटेना. माणूस नाशिकचा आहे, पण समजूतदार आहे.

तिसरा दिवस: तुळजापूर, नळदुर्ग

तुळजापूरला सकाळी लवकर पोचा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळता आली तर टाळा. आम्हाला दर्शनाला दीड तास लागला. आबांनी देवीपुढं डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत, मागच्यांनी ढकललं तेव्हा हलले. मग कडकण्या, पेढे, कवड्यांची माळ, अनयाला एक परडी, आणि नळदुर्गचा रस्ता.

नळदुर्गचा किल्ला पोरांना नक्की दाखवा. पाणीमहालावरून पाणी पडताना बघायचं तर पावसाळ्यात या, डिसेंबरात नदी शांत असते. आत भरपूर चालावं लागतं, म्हणून प्रशांत पोरांना घेऊन गेला आणि मी आबांजवळ बाहेर चहाच्या टपरीवर बसले. यादी इथं संपत होती. मी दोन दिवस दम धरला होता, आता धरवेना.

"उद्या उमरगा," मी म्हणाले.

"उद्या घरी."

"का पण? काय झालंय तिकडं? इरप्पांशी भांडलात का तुम्ही?"

"भांडान झालं असतं तर बरं व्हतं."

"आबा, मी चाळीस वर्षांची आहे. कोकरू नाही. सांगा तरी."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग सांगितलं, माझ्याकडं न बघता.

त्याआधी तुम्हाला आमची एक रीत सांगते, नाहीतर कळणार नाही. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. रात्री मेंढरं त्याच्या रानात बसवायची. आज या तुकड्यात, उद्या त्या तुकड्यात. लेंड्या आणि मुतानं रानाला असं खत मिळतं की पुढची दोन-तीन पिकं डोलतात. बदल्यात मेंढपाळाला ज्वारी, गूळ, शेंगा. निघायच्या दिवशी शेतकरी पुढच्या सालासाठी मेंढपाळाच्या हातावर नारळ ठेवतो. नारळ घेतला की शब्द दिला. मग शेतकरी दुसऱ्या कुणाची मेंढरं बसवत नाही आणि ही मेंढरं येऊन गेल्याशिवाय रानाला नांगर लावत नाही.

"त्या वैशाखात म्या इरप्पाचा नारळ घेतला," आबा म्हणाले. "आखाडात तुझा पुण्याचा कागद आला. इंजिनेरीचा. मंग मेंढरं इकली."

"तुमचे गुडघे दुखत होते म्हणून विकलीत ना? तुम्हीच तर सांगितलं होतं."

"पन्नाशी बी झाली नव्हती माझी. कसलं गुडघं?"

मी आबांच्या गुडघ्यांकडं बघत बसले. बावीस वर्षं मी ते गुडघे खरे मानले होते. दर दिवाळीला मलम आणून देत होते आणि ते मुकाट लावून घेत होते.

"मग इरप्पांना निरोप का नाही धाडलात? तुम्ही तर गाडीनं जाताना पण सांगावा धाडता!"

"काय सांगू? मेंढरं इकली म्हणून सांगू? धनगरानं समदी मेंढरं इकली म्हंजी काय ते तुला न्हाय कळायचं. आज धाडू, उंद्या धाडू म्हणता चैत गेला. मंग त्वांड दावायला जागा ऱ्हायली न्हाय." त्यांनी घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं. "त्यानं माझ्यापायी रान तसंच ठिवलं असंल. वाट बघितली आसंल. हे मला रोज आठवतं बघ. रोज."

तेवढ्यात पोरं ओरडत किल्ल्यातून आली. ओमला तोफ दिसली होती. मी त्यांना लिंबू सरबत पाजलं, आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

चौथा दिवस: उमरगा

नळदुर्गला मुक्काम केला. सकाळी मी सामान भरायला घेतलं, पुण्याकडं निघायच्या तयारीनं. आबांना ओढून नेण्याची माझी हिंमत उरली नव्हती. बाहेर आले तर आबा पुढच्या सीटवर, पट्टा लावून. "उमरग्याकडं घ्या, पाव्हणं," ते प्रशांतला म्हणाले. झोप लागली का विचारलं, तर म्हणाले, "झोप बावीस सालात कुठं लागली?"

हैदराबाद रस्ता चांगला आहे, चौपदरी, ट्रक मात्र खूप. उमरग्याच्या अलीकडं एक फाटा आहे, तिथून इरप्पांचं रान दोनेक किलोमीटर आत. प्रशांतनं गाडी वळवली तसे आबा ओरडले, "थांबा! सांगावा न देता जायचं न्हाय."

"आबा, दोन किलोमीटर तर आहे. पाच मिनिटं."

"न्हाय."

फाट्यावर चहाचं हॉटेल. मोटारसायकलला दुधाचे कॅन लावलेला एक मिशाळ गृहस्थ चहा पीत होता. आबा त्याच्यापाशी गेले. मी मागं.

"इरप्पा... हाईत का?" आबांनी विचारलं.

"हाईत की. रानातच असतंय म्हातारं. का वो?"

"त्यांना एवढा सांगावा द्या. म्हणावं, वाशीचा धनगर फाट्यावर आलाय. संगं मेंढरं न्हाईत. पोरगी हाय, जावई हाय, नातवंडं हाईत. या म्हणलं तर येतो. न्हायतर हितनंच माघारी फिरतो."

दुधवाला गेला. आम्ही बसलो. सव्वा तास बसलो. भजी चांगली होती, पण आबांनी हात लावला नाही. ओम सारखं विचारत होता, आपण कशासाठी थांबलोय. नळदुर्गला आबांनी मला जे सांगितलं ते मी अनयाला सांगितलं होतं. ती आबांच्या शेजारी जाऊन नुसती बसली, फोन आत ठेवून. मला स्वतःला काय वाटत होतं? भीती. इरप्पांनी नको म्हटलं तर आबा ते घेऊन कसे जगतील ही भीती.

मोटारसायकल आली.

"काय म्हणलं?"

"काय बोललंच न्हाय म्हातारं."

"काईच न्हाय?"

"काईच न्हाय. टोपी घातली आन् बांधावर जाऊन हुबं ऱ्हायलं."

आबा उठले. "हुबा हाय म्हंजी चला."

इरप्पा बांधावर उभे होते. ऐंशीच्या आसपास, कृश, पण ताठ. आबा गाडीतून उतरले आणि बांधाच्या अलीकडंच थांबले. रानात पाय ठेवला नाही.

"बावीस साल," इरप्पा म्हणाले.

"व्हय."

"वाडा आल्ता एक, बीडकडचा. त्यास्नी न्हाय म्हणलं. नांगर थांबवला. मिरग पडला तरी थांबवला. गाव हसलं मला." त्यांचा आवाज चढत गेला. "मला वाटलं मेलास तू! सुतक पाळावं का न पाळावं, हेबी कळंना मला!"

"मेंढरं इकली व्हती."

"कशापायी?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "हिच्या शिक्षणापायी."

इरप्पांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "काय शिकली?"

"इंजिनिअर झाले," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी इतक्या बारीक आवाजात कधी म्हटलं नव्हतं.

"चांगलं केलंस," ते आबांना म्हणाले. "इकलीस ती चांगली केलीस. पण एक मानूस धाडायला काय झाल्तं? एक?"

आबा पाया पडायला वाकले. इरप्पांनी दंडाला धरून वर घेतलं, जरा जोरातच. "पाया नको पडू. शब्द रानात बसायचा दिल्तास न्हवं? मेंढरं न्हाईत तर मानसं हाईत. कुंद्री. समदे बसा."

आणि आम्ही बसलो. घरात नाही, ओट्यावर नाही, रानात. त्यांनी नुकत्याच मोकळ्या केलेल्या तुरीच्या पट्ट्यात आबांनी घोंगडी अंथरली आणि दिवस मावळेपर्यंत आम्हाला तिथून उठू दिलं नाही. जेवण तिथंच आलं. इरप्पांची सून ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही घेऊन आली. पोरं ढेकळांत लोळली, विहिरीवर पाय धुतले, पुन्हा लोळली. प्रशांत आडवा झाला आणि भर उन्हात चक्क घोरायला लागला. दोन्ही म्हातारे पहिला तासभर हाताला लागतील ती धसकटं उपटत बसले. मग इरप्पा कुठल्याशा जुन्या एडक्याची चौकशी करायला लागले, त्याची शिंगं कशी होती यावरून दोघांची जुंपली, आणि मला कळलं की आता ठीक आहे.

मी सारखी घराच्या दिशेनं बघत होते. शेवटी विचारलंच, "अक्का कुठं आहेत?"

"गेली. चार साल झाले," इरप्पा म्हणाले. "तुजी लई आठवण काढायची. पोरगी कशी आसंल, लगीन झालं आसंल का. येईल म्हणायची."

त्या शेवटच्या सुट्टीत निघताना मी अक्काला सांगून आले होते, पुढच्या वर्षी येते म्हणून. आबांना सांगावा धाडायची लाज वाटत होती. मला कसली लाज होती? मला तर त्या शब्दाची आठवणच नव्हती. पुणं, हॉस्टेल, परीक्षा, नोकरी, लग्न. उमरग्याची एसटी रोज सुटत होती. मी विहिरीवर गेले आणि मनसोक्त रडले, तोंड धुतलं, पुन्हा रडले. हे ब्लॉगवर लिहावं का असा विचार केला. लिहिते. कुणाची अक्का असेल तर लवकर जाऊन या.

निघायची वेळ झाली. इरप्पा घरात गेले आणि नारळ घेऊन आले. तो आबांपुढं धरला. आबांनी दोन्ही हात मागं घेतले.

"न्हाय. आता न्हाय घेणार. माझ्याच्यानं पुरं न्हाय व्हायचं."

इरप्पांचा हात तसाच. माझा हात पुढं कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही.

"तुज्याकडं कुठली मेंढरं?" इरप्पांनी विचारलं.

"दगडूची आहेत. वैशाखात आणते."

"नारळ घेतला म्हंजी शब्द आसतो, बाई. खेळ न्हाय."

"माहीत आहे," मी म्हणाले. त्यांनी नारळ माझ्या तळहातावर ठेवला. जड होता.

घरी

आबांना वाशीला सोडून मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात पोचलो. चार दिवस, साधारण नऊशे किलोमीटर, पेट्रोल-टोल-राहणं मिळून राजस्थानच्या चौथाईत आटपलं. जेवणाचा खर्च जवळपास शून्य, कारण कुणी पैसे घेतलेच नाहीत. पोरांना घेऊन जाणाऱ्यांना एकच सांगेन, दिवसाला दोन-तीन मुक्कामांपेक्षा जास्त ठेवू नका आणि आधी कुणी सांगावा धाडलाय का ते विचारून घ्या.

ओम सगळ्यांना सांगतो की त्यानं वाळवंट पाहिलं. अनयानं शाळेत सुट्टीवरचा निबंध लिहिला. त्यात 'माझे आजोबा मेंढपाळ आहेत' हे पहिलं वाक्य. वाचून मला छान वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं. ते वाक्य मी शाळेत, कॉलेजात, कुठंच कधी लिहिलं नव्हतं.

दगडूला फोन केला. तो आधी उडालाच. "ताय, तिकडं आता कोण जातंय? निम्म्या वाटंला ऊस, निम्म्या वाटंला कंपाउंड. फारतर टेम्पोत घालून नेऊ." मागून आबांचा आवाज आला, "मेंढरं टेम्पोत घालून बसवाया नेत्यात व्हय? चालत जायाचं!" तेव्हा आबा पुन्हा मुक्कामांची यादी करतायत. नव्या रस्त्यांमुळं आता सतरा झालेत. पोरांची परीक्षा संपली की शेवटचे पाच मुक्काम मी आणि पोरं चालणार आहोत. प्रशांत गाडी घेऊन मागून येणार, भाकरी खायला.

काल ऑफिसात रजेचा अर्ज दिला. 'कारण' या रकान्यात आधी 'घरगुती' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला, नवीन घेतला आणि लिहिलं: उमरगा तालुक्यात मेंढरं बसवण्यासाठी.

साहेबांनी तो दोनदा वाचला. पंधरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करते. "अहो मॅडम, तुमचे वडील शेतकरी ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं होतं, साहेब," मी म्हणाले. "आम्ही धनगर आहोत. मेंढरं विकून शिकवलंय मला."